पाचशे माणसांनी मेक्सिको जिंकला? मग त्लाश्कालाचे हजारो लोक कुठे गेले?

आडवाटेने

एर्नान कोर्तेस पाचेकशे माणसं आणि सोळा घोडे घेऊन १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोन वर्षांत त्याने अॅझटेकांचं साम्राज्य आडवं केलं, ही गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. ऐकणाऱ्याची प्रतिक्रियाही ठरलेली. एक तर 'बंदुकीपुढे कुणाचं काय चालणार', नाहीतर 'म्हणजे तिथेही फितूर निघालेच'. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा.

बंदुकीचं आधी. ३० जून १५२० च्या रात्री कोर्तेसला राजधानी तेनोच्तित्लानमधून जीव मुठीत धरून पळावं लागलं. शहर तळ्यात वसलेलं, बाहेर पडायला बांधावरचे अरुंद रस्ते, मधले पूल काढून टाकलेले, दोन्ही बाजूंनी होड्यांमधून मारा. शेकडो स्पॅनिश मेले, बरेचसे अंगावरच्या सोन्याच्या ओझ्याने पाण्यात गेले. तोफा गेल्या, दारू गेली, बहुतेक घोडे गेले. उरलेले लोक रक्ताळलेल्या अंगाने पोचले ते शेजारच्या त्लाश्काला या राज्यात. त्या दिवसांत त्लाश्कालाच्या लोकांनी ठरवलं असतं तर एकही स्पॅनिश माणूस किनाऱ्यापर्यंत परत गेला नसता.

आणि तसं ठरवायची संधी त्यांना मिळाली होती. राजधानीतून मेशिकांचे (अॅझटेक म्हणजे मुळात हेच लोक) दूत समेटाचा निरोप घेऊन त्लाश्कालात आले होते. जुनं वैर विसरू, मिळून या परक्यांना संपवू. धाकटा शिकोतेन्कात्ल हा सेनापती त्या बाजूचा होता. तरीही तिथल्या वडीलधाऱ्या सरदारांनी नाही म्हटलं.

पुढच्या वर्षी राजधानीला वेढा पडला तेव्हा स्पॅनिश होते हजाराच्या आत. त्यांच्या बाजूने लढणारे त्लाश्काला, वेशोत्सिंको, चाल्को, तेश्कोको इथले स्थानिक लोक मात्र हजारोंच्या हजारो. तळ्यात उतरवलेल्या तेरा जहाजांचं लाकूड त्लाश्कालात तोडलं, घडवलं आणि सुटे भाग करून हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून तेश्कोकोला आणलं. हमाल कोण, तर हेच लोक. मग 'पाचशे माणसांनी जिंकलं' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझा प्रश्न: त्यांनी नाही का म्हटलं असेल? आणि आपण त्यांना फितूर म्हणावं का?

लिंबूसरबत

भारी धागा. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलेय. (मकासुद्धा तिथलाच बरं का!)

घाटमाथा

प्रश्न चांगला, पण उत्तर सरळ आहे. फितुरीच. शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणून घरात दरोडेखोर बोलावला, आणि मग दरोडेखोर कुणालाच सोडत नाही. राग असेल, कारणंही असतील. कारण नसलेला फितूर जगात कुठे सापडलाय? त्याच्या कारणाने निकाल बदलत नाही. तीनशे वर्षं गुलामी आली ती सगळ्यांच्याच नशिबी.

जुनाट_नकाशा

घाटमाथा, तुमचा राग समजतो, पण 'घर' एकच होतं हे तुम्ही गृहीत धरताय.

१५१९ मध्ये मेक्सिको नावाचा देश नव्हता. 'आम्ही इथले आणि ते परके' अशी एकत्र भावना असायचं कारणही नव्हतं. प्रत्येकाची निष्ठा आपापल्या नगरराज्याशी. तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तिघांची युती १४२८ च्या सुमारास झाली आणि पुढच्या नव्वद वर्षांत तिने आजूबाजूची राज्यं एकेक करून खंडणीला लावली. कापूस, कोको, पिसं, माणसं, सगळं राजधानीकडे. त्लाश्काला तेवढं उरलं, चारी बाजूंनी वेढलेलं. त्यांचा व्यापार बंद पाडला होता. पिढ्यान् पिढ्या मीठ मिळत नव्हतं, कापूस मिळत नव्हता. शिवाय नेमाने लढाया आणि त्यात पकडलेली तरुण मुलं देवळाच्या पायऱ्यांवर बळी. ज्या आईचा मुलगा असा गेला तिला 'परका' कोण वाटत असेल?

दुसरं म्हणजे त्लाश्कालाने कोर्तेसला पायघड्या घातल्या नाहीत. सप्टेंबर १५१९ मध्ये ते त्याच्याशी आधी लढले, आणि जोरात लढले. दोनेक आठवड्यांनी त्यांनी हिशेब केला: या लोकांना मारण्यात आपली माणसं फार जातील, पण यांना हाताशी धरलं तर मेशिकांचा काटा निघेल. त्यांच्या बाजूने पाहिलं तर कोर्तेस हा त्यांच्या लढाईत सामील झालेला भाडोत्री गट होता. उलटं नव्हे.

१५२० च्या निर्णयाबद्दल: मेशिकांच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? नव्वद वर्षांत एकदाही तसा अनुभव नव्हता. त्लाश्कालाच्या वारसांनी पुढे सांगितलं आहे की, त्या वेळी कोर्तेसकडून त्यांनी अटी कबूल करून घेतल्या होत्या, खंडणी कायमची माफ आणि लुटीत वाटा. फितूर माणूस असा करारमदार करून बसत नाही, राज्यं करतात.

रानफूल

+१. जुनाट_नकाशा, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

नाडीपरीक्षा

माझा पेशा वैद्यकीचा, म्हणून तेवढंच बोलते.

१५२० मध्ये कोर्तेसला पकडायला क्यूबाहून नार्वाएझ नावाच्या सरदाराची तुकडी आली, तिच्याबरोबर देवीची साथ आली. शरद ऋतूत ती राजधानीत पोचली. मेशिकांचा राजा मोक्तेसुमा याच्यानंतर गादीवर आलेला क्वितलाउआक, ज्याने स्पॅनिशांना त्या रात्री पिटाळलं, तो ऐंशीएक दिवसच राज्य करू शकला. देवीने गेला. वेढा पडायच्या आधीच शहर अर्धमेलं झालं होतं.

देवी आपल्याकडेही होत्या आणि भयंकर होत्या. पण जिथे रोग पिढ्यान् पिढ्या वावरतो तिथे मोठी माणसं बहुतेक लहानपणीच त्यातून गेलेली असतात. ती आजाऱ्याला पाणी देऊ शकतात, चूल पेटती ठेवू शकतात. तिथे आजा, बाप, आई, पोर, सगळी एकाच आठवड्यात आडवी. मका दळायला कोणी नाही, पाणी आणायला कोणी नाही. रोगाने मेले त्यात भुकेने मेलेल्यांची भर. बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मगुरूने नाहुआ (मेशिकांची भाषा बोलणाऱ्या) विद्वानांना हाताशी घेऊन त्या काळाचा जो सचित्र ग्रंथ तयार केला, त्यात या साथीचं एक चित्र आहे. चटईवर पडलेली माणसं, अंगभर फोड. एक बाई एका रोग्याजवळ बसली आहे आणि तिच्या तोंडातून शब्द निघताना दाखवलेत, त्यांच्या चित्रलिपीतल्या रीतीप्रमाणे छोट्या वळशाने. मी साथरोगांवरची पुष्कळ चित्रं पाहिली आहेत. रोग्याशी कुणीतरी बोलतंय हे दाखवणारं चित्र विरळा.

पण एक सांगते. 'जंतूंनी केलं, स्पॅनिशांचा काय दोष' असंही म्हटलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. उपाशी, खाणीत राबवलेल्या, गावातून उठवलेल्या माणसाला कुठलाही ताप मारतो. मेक्सिकोत १५४५ आणि १५७६ मध्ये 'कोकोलिझ्त्ली'च्या महाभयंकर साथी आल्या, तेव्हा स्पॅनिश राज्य चांगलं बसलेलं होतं. २०१८ मध्ये ओआहाकाकडच्या एका जुन्या दफनभूमीतल्या दातांमधून १५४५ च्या साथीतल्या जंतूचे अंश मिळाले, आतड्याच्या तापाचा साल्मोनेला. अशा तापाला घाण पाणी, दाटीवाटी, अर्धपोट हेच लागतं. आणि त्याला राज्यकर्ता जबाबदार असतो.

घाटमाथा

डॉक्टरबाईंचा प्रतिसाद उत्तम. शेवटच्या परिच्छेदाला कडक सलाम.

जुनाट_नकाशा, तुमचं 'एक घर नव्हतं' हे क्षणभर धरून चालू. मग करारमदार करून त्लाश्कालाला मिळालं काय? ते सांगा. माझ्या मते धत्तुरा.

जुनाट_नकाशा

धत्तुरा नाही, पण कबूल केलेलं सगळंही नाही.

इतर ठिकाणी गावंच्या गावं स्पॅनिश सरदारांना 'एन्कोमिएन्दा' म्हणून वाटली. गावाने सरदाराला धान्य-कापड द्यायचं, त्याच्या शेतात-खाणीत राबायचं, बदल्यात सरदाराने त्यांना ख्रिस्ती करायचं. त्लाश्काला यातून सुटलं. तिथला कारभार त्यांच्याच सरदारांच्या पंचायतीकडे राहिला. १५३५ मध्ये राजाकडून शहराला मानचिन्ह मिळालं. त्यांनी १५५० च्या आसपास एका लांबलचक कापडावर आपल्या पराक्रमाची चित्रं काढून घेतली. त्यात जागोजागी तेच लढताना दिसतात, थेट ग्वातेमालापर्यंत. ग्वातेमालाच्या १५२४ च्या स्वारीत ते खरंच होते. राजदरबारात वकील पाठवून, अर्ज करून ते दोनशे-अडीचशे वर्षं आपले हक्क सांगत राहिले.

पण खंडणी पुढे हळूहळू लागलीच. आणि १५९१ मध्ये त्यांच्यातली चारशे कुटुंबं उत्तरेच्या वाळवंटी सरहद्दीवर वसायला पाठवली गेली. तिथेही जाण्याआधी त्यांनी अटी लिहून घेतल्या: घोड्यावर बसायचा हक्क, शस्त्र बाळगायचा हक्क, करमाफी. आजच्या साल्तियो शहराचा एक भाग त्यांनी वसवलेला.

धाकट्या शिकोतेन्कात्लचं काय झालं हेही सांगतो, कारण धाग्यात त्याचं नाव आलंय. १५२१ मध्ये तो छावणी सोडून निघाला. कोर्तेसने त्याला फासावर चढवलं.

सांजसावली

मेक्सिको सिटीत नोकरीनिमित्त राहते, म्हणून थोडं तिथलं.

शहराच्या मधोमध भलंमोठं चर्च आहे आणि त्याला चिकटूनच जमिनीत खोल खड्डा, तो म्हणजे तेनोच्तित्लानचं मुख्य देऊळ. १९७८ च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार तिथे खणत होते तेव्हा त्यांच्या कुदळीला कोयोल्शाऊकी देवीची वाटोळी शिळा लागली, सव्वातीन मीटरच्या आसपास व्यासाची. देवीचे हातपाय तोडलेले, शिर वेगळं. तिच्या भावाने, म्हणजे वित्झिलोपोच्त्लीने तिला डोंगरावरून खाली फेकलं अशी कथा. त्यानंतर आजूबाजूच्या इमारती पाडून देऊळ मोकळं केलं. देवळाचे सात थर निघाले, एकामागून एक राजांनी जुन्यावर नवं बांधलेलं. ऑफिसला जाताना मी त्याच्या कुंपणाशेजारून जाते. चर्चच्या पायात कुठला दगड गेला हे विचारावं लागत नाही.

इथे फितूर म्हणून ज्या व्यक्तीला सगळ्यात जास्त शिव्या बसतात ती त्लाश्कालाची नाही. ती मालिंत्सिन, कोर्तेसची दुभाषी. तिच्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

ही मुलगी मूळची नाहुआ भाषा बोलणारी. लहानपणीच गुलाम म्हणून माया लोकांकडे गेली. १५१९ मध्ये ताबास्कोत लढाई हरलेल्या सरदारांनी कोर्तेसला वीस बायका भेट दिल्या, त्यात ती. आगिलार नावाचा एक स्पॅनिश माणूस जहाज फुटून माया लोकांत आठ वर्षं राहिलेला, त्याला माया येत होती. मग सुरुवातीला सगळा संवाद असा चालायचा: कोर्तेस आगिलारशी स्पॅनिशमध्ये, आगिलार तिच्याशी मायामध्ये, ती मोक्तेसुमाच्या माणसांशी नाहुआत. थोड्याच महिन्यांत ती स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरजच उरली नाही. कोर्तेसने राजाला लिहिलेल्या पत्रांत तिचं नाव फक्त एकदा येतं, तेही पाचव्या पत्रात. आधी ती नुसती 'माझी दुभाषी, या देशातली एक बाई'. तिने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. कोर्तेसपासून झालेला मुलगा मार्तिन, त्याला बापाने लहानपणीच स्पेनला नेलं.

मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर तिला देशद्रोही ठरवलं गेलं. विकलेल्या, मग भेट दिलेल्या मुलीने कुणाशी इमान राखायचं होतं, हे तिला शिव्या देणाऱ्यांनी मला सांगावं. घाटमाथादादा, तुम्हालाही विचारतेय.

घाटमाथा

सांजसावलीताई, मालिंत्सिनला मी फितूर म्हणणार नाही. तिला निवड होती कुठे? माझा रोख सरदारांवर आहे. त्यांना होती.

वैनगंगाकाठ

सगळी चर्चा राजे-सरदार-लढाया यांचीच चालू आहे, म्हणून मध्ये पडतो. जिंकणं दोन वर्षांत झालं असेल, पण राबवणं तीनशे वर्षं चाललं. मला त्याबद्दल बोलायचंय.

बोलिव्हियातलं पोतोसी घ्या. १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. सोपी चांदी काही वर्षांत संपली. मग पाऱ्याने चांदी काढायची पद्धत आली, खोल खणायची गरज आली, माणसं कमी पडू लागली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने 'मीता' लावली. मीता इंकांच्या (स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्यांच्या) काळातही होती, रस्ते-पूल-शेती यांसाठी आळीपाळीने श्रम द्यायचे आणि सरकार कोठारातून खायला घालायचं. तोलेदोने नाव तेच ठेवलं आणि निव्वळ वेठ केली. सोळा प्रांतांतून दर वर्षी सातातला एक पुरुष, साडेतेरा हजारांच्या आसपास माणसं, बायकापोरं, लामा (ओझ्याची जनावरं) आणि बटाट्याची पोती घेऊन शेकडो मैल चालत पोतोसीला. मजुरी इतकी थोडी की खाण्यालाही पुरायची नाही. पाठीवर धातूची पोती घेऊन शिड्यांनी वर चढायचं, वर निघालं की घाम आलेल्या अंगावर चार हजार मीटर उंचीवरचा वारा. पाऱ्यात काम करणाऱ्यांचे हात थरथरायचे ते वेगळंच. माणसं गाव सोडून पळू लागली, कारण पळून दुसऱ्या गावात उपरा म्हणून राहिलं की मीता लागत नसे. गावात मागे राहिले त्यांच्या वाट्याला पळालेल्यांचीही पाळी. ही व्यवस्था कायद्याने गेली १८१२ मध्ये, आणि खऱ्या अर्थाने स्पॅनिशांबरोबरच.

आमच्याकडे जंगल-खाणपट्ट्यात काम करताना 'आधी गावाच्या प्रथेचं नाव घ्यायचं आणि मग त्याच नावाने फुकट राबवायचं' हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मीताचा हा भाग वाचून माझं डोकं फिरतं.

दूरगावचा

वैनगंगाकाठ यांनी पोतोसी काढलं म्हणून. मी गेलोय तिथे. गावात पोचल्यावर पहिला दिवस नुसता धापा टाकण्यात जातो. जुनी टांकसाळ आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या लाटायची लाकडी यंत्रं, माणसापेक्षा उंच दात्यांची चाकं, आणि खालच्या मजल्यावर ती फिरवणाऱ्या खेचरांची गोल वाट.

डोंगरात अजूनही खाणकाम चालतं, कामगारांच्या सहकारी संस्था चालवतात. आत जायचं तर बाजारातून कामगारांसाठी कोकाची पानं आणि शीतपेयाच्या बाटल्या न्यायच्या अशी रीत आहे. आत अंधारात शिंगंवाल्या 'तीओ'ची मातीची मूर्ती बसवलेली असते. वर देव येशू, पण डोंगराच्या पोटात मालक हा. त्याच्या तोंडात सिगारेट, मांडीवर कोकाची पानं, पायाशी दारू ओतलेली. आमच्याबरोबरचा वाटाड्या आधी खाणीतच कामाला होता. तो मूर्तीपुढे पानं ठेवताना गप्प झाला, तसे आम्हीही गप्प.

मांडवीकाठ

पोतोसीची चांदी आपल्याकडेही आली, हे इथे सांगायलाच हवं. स्पॅनिश रियाल (चांदीची नाणी) युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेला उतरायचे आणि मुघल टांकसाळीत वितळून रुपये व्हायचे. दुसरी वाट आकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या गलबतांची, १५६५ ते १८१५. मसाले, कापड यांच्या बदल्यात द्यायला युरोपकडे दुसरं होतं काय? त्या आंदीज पर्वतातल्या माणसाने पाठीवरून काढलेली चांदीच.

गोव्याचा संबंध आणखी जवळचा. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन-पोर्तुगालने जग वाटून घेतलं आणि आम्ही पोर्तुगालच्या वाट्याला आलो. १५८० ते १६४० दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होते, म्हणजे गोव्यावर आणि पोतोसीवर एकच फिलिप राज्य करत होता.

पण 'सगळीकडे सारखंच' असं मात्र नाही. मेक्सिकोत १५७१ मध्ये इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह तपासणारं, न्यायालय बसलं तेव्हा तिथल्या मूळ लोकांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. त्याआधी १५३९ मध्ये तेश्कोकोच्या डॉन कार्लोस नावाच्या सरदाराला जाळलं होतं, ते प्रकरण स्पेनलाही जड गेलं होतं. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत जे चाललं त्यात स्थानिक नवख्रिस्तींनाच सर्वाधिक खेचलं. भाषेचंही तसंच. फिलिप दुसऱ्याने १५७० मध्ये नाहुआला नव्या स्पेनमधल्या (म्हणजे मेक्सिकोतल्या) इंडियनांची, तिथल्या मूळ लोकांची, भाषा म्हणून मान्यता दिली, मूळ लोक रोमन लिपीत नाहुआतून मृत्युपत्रं आणि जमिनीचे अर्ज लिहीत होते. तिथे स्पॅनिशसक्तीचा हुकूम आला तो १७७० मध्ये. गोव्यात कोंकणीवर बंदीचा हुकूम १६८४ चा.

याचा अर्थ स्पॅनिश चांगले होते असा कुणी काढू नये. १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदाने मायांचे ग्रंथ जाळले. आज जगात मायांच्या जुन्या पोथ्या चारच उरल्या आहेत.

लिंबूसरबत

अवांतर: धागा फार गंभीर झालाय म्हणून एक मजेची गोष्ट. उद्या चतुर्थी. साबुदाणा (कंद दक्षिण अमेरिकेतला), शेंगदाणे (तिथलेच), बटाटा (पेरूचा), मिरची (मेक्सिकोकडची). आपल्या उपवासाच्या खिचडीत आपलं म्हणजे जिरं आणि तूप! पाच शतकांपूर्वीच्या आपल्या पणज्यांनी उपास कसे केले असतील हो?

कावेरी_के

लिंबूसरबत, वरई! आणि फळांत केळं. पपई, पेरू, सीताफळ, अननस, काजू मात्र सोडावे लागतील त्यांना. :)

रानफूल

बटाट्यावरून आठवलं. आंदीजचे लोक रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवून, दिवसा पायाने तुडवून पाणी काढून वाळवतात. 'चुन्यो' म्हणतात. वर्षानुवर्षं टिकतो. पोतोसीच्या खाणकामगारांचं पोट यावरच चालायचं आणि त्याचा व्यापार करून स्पॅनिश व्यापारी गबर झाले.

शिळोप्याचा_ओटा

सगळं वाचलं. एक मुद्दा कुणीच मांडला नाही. स्पॅनिश साम्राज्यात निदान आतून विरोध तरी झाला. डिसेंबर १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मोन्तेसिनोस नावाच्या धर्मगुरूने समोर बसलेल्या स्पॅनिश जमीनदारांना तोंडावर विचारलं, की ही काय माणसं नाहीत? कुठल्या हक्काने यांना राबवता? बार्तोलोमे दे लास कासास आधी स्वतः एन्कोमिएन्दा बाळगून होता, त्याने ती सोडली आणि आयुष्यभर त्याविरुद्ध लिहीत राहिला. १५४२ मध्ये राजाने नवे कायदे केले, इंडियनांना गुलाम करायला बंदी. १५५० मध्ये वायादोलिदला पंडितांसमोर वाद झाला, या लोकांवर युद्ध करणं न्याय्य आहे का म्हणून. दुसऱ्या कुठल्या साम्राज्याने विजय चालू असताना असा प्रश्न जाहीरपणे विचारला?

वैनगंगाकाठ

विचारला, आणि पुढे? पेरूत नव्या कायद्यांविरुद्ध जमीनदारांनी बंड केलं आणि ते लागू करायला आलेल्या व्हाइसरॉयचं १५४६ मध्ये डोकं उडवलं. एन्कोमिएन्दा वारसांना देता येणार नाही हे कलम राजाने मागे घेतलं. मीता तर वायादोलिदच्या वादानंतर वीस वर्षांनी लागली. लास कासासबद्दल आदर आहे, पण इंडियनांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणा हेही त्यानेच एके काळी सुचवलं होतं. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, खरं आहे. पण आफ्रिकेतून माणसं येतच राहिली.

१५१३ पासूनचं ते 'फर्मान' विसरू नका. हल्ल्याआधी स्पॅनिश भाषेत वाचून दाखवायचं, की पोप आणि राजा यांचं राज्य मान्य करा, नाहीतर तुमच्या बायकापोरांना गुलाम करू आणि त्याचा दोष तुमच्याच माथी. ऐकणाऱ्यांना एक अक्षर कळत नसे. कधी कधी गाव रिकामं असताना वाचलं, कधी जहाजावरून. लास कासासनेच लिहिलंय की हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. कायद्याची भाषा त्यांना येत होती, हे मला मान्य. ती कशासाठी वापरली तेही बघा.

शिळोप्याचा_ओटा

सहमत नाही पण मुद्दा पोचला. फर्मानाबद्दल बचाव करण्यासारखं काहीच नाही.

घाटमाथा

जुनाट_नकाशा यांना माझा शेवटचा प्रश्न. चिलीतले मापुचे लढले आणि टिकले की नाही? लाउतारो हा आधी वाल्दिविया या स्पॅनिश सरदाराचे घोडे सांभाळणारा पोरगा. त्याच्याकडून घोडा शिकला, पळाला, आणि १५५३ मध्ये तुकापेलला वाल्दिवियालाच संपवलं. १५९८ नंतर बिओबिओ नदीच्या दक्षिणेची स्पॅनिश शहरं मापुच्यांनी उठवली आणि १६४१ मध्ये स्पेनला त्यांच्याशी तह करावा लागला. म्हणजे लढून टिकता येत होतं!

जुनाट_नकाशा

मापुच्यांबद्दल तुमच्याइतकाच मलाही अभिमान वाटतो. फक्त फरक लक्षात घ्या. मापुच्यांचा राजाच नव्हता. एक राजधानी नव्हती, खंडणी गोळा करणारी यंत्रणा नव्हती. पेरूत पिझारो या स्पॅनिश सरदाराने १५३२ च्या नोव्हेंबरात काहामार्कात १६८ माणसांनिशी इंकांचा राजा आताहुआल्पाला पकडलं आणि वरचा माणूस हातात येताच यंत्रणा अडली. एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली तरी त्याला १५३३ मध्ये मारलंच. मापुच्यांकडे पकडायला असा माणूसच नाही. एका सरदाराशी तह केला की दुसरा लढायला मोकळा.

आणि पेरूतही विजय एका दिवसात झाला नाही. मान्को इंकाने १५३६ मध्ये कुस्कोला वेढा घातला, पुढे विल्काबाम्बाच्या जंगलात इंकांचं राज्य १५७२ पर्यंत चाललं. मायांचं शेवटचं राज्य नोहपेतेन, पेतेन इत्झा तळ्यातलं, ते पडलं १६९७ मध्ये. म्हणजे कोर्तेसनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

आडवाटेने

इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो.

घाटमाथा यांनी 'सरदारांना निवड होती' म्हटलं, तिथेच माझं अडतं. निवड होती हे खरं. पण १५२० च्या त्या बैठकीत बसलेल्या म्हाताऱ्यांना पोतोसी दिसत नव्हतं, एन्कोमिएन्दा दिसत नव्हती, १५४५ ची साथ दिसत नव्हती. सांतो दोमिंगोत तिथल्या मूळ ताइनो लोकांचं काय झालं (१५१४ च्या वाटणीत तिथे जेमतेम सव्वीस हजारांच्या आसपास माणसं मोजली गेली) ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायची सोयच नव्हती. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या: मेशिकांचा शब्द, आणि दारात पडलेले जखमी, तोफा गमावलेले चारेकशे लोक, ज्यांना आपण हवं तसं वाकवू असं कुणालाही वाटलं असतं. मी त्यांना फितूर म्हणणार नाही. त्यांचा अंदाज चुकला, आणि तो चुकल्याचं कळेपर्यंत त्यांची नातवंडं म्हातारी झाली होती.

स्पॅनिशांच्या बाजूचं म्हणाल तर पाचशे माणसांची गोष्ट त्यांनीच रचली, कारण बक्षिसं मागायची होती. प्रत्येक जण राजाला आपल्या पराक्रमाचा अर्ज पाठवत होता. त्या अर्जात हमालांना जागा कुठली?

पण उलट बाजूनेही अर्ज गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पेरूतल्या वामान पोमाने १६१५ च्या सुमारास राजा फिलिप तिसऱ्याला सुमारे बाराशे पानांचं पत्र लिहिलं, जवळजवळ चारशे चित्रांसह. त्यातल्या एका चित्रात इंका समोरच्या स्पॅनिश माणसाला विचारतो, तुम्ही हे सोनं खाता का? आणि तो म्हणतो, हो, खातो. इंकाने प्रश्न केचुआत, म्हणजे इंकांच्या भाषेत, विचारलाय, उत्तर स्पॅनिशमध्ये आलंय. पत्र राजापर्यंत पोचल्याचा काही मागमूस नाही. १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात ते सापडलं.

सांजसावली

आणि ही माणसं संपली असं समजू नका हं. इथल्या सोळा-सतरा लाख लोकांची भाषा आजही नाहुआच्या कुठल्या ना कुठल्या बोलीतली आहे. केचुआ बोलणारे तर ऐंशी लाखांच्या वर. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी विजयातल्या अत्याचारांबद्दल स्पेनने माफी मागावी म्हणून राजाला पत्र लिहिलं, स्पेनने नकार दिला. माझ्या ऑफिसातली एक सहकारी मूळची पुएब्लाच्या डोंगरातली, घरी नाहुआ बोलणारी. त्या पत्राचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, माफी स्पेनने मागावी हे ठीकच, पण आमच्या गावच्या शाळेत आमच्या भाषेचा मास्तर अजून हे सरकार देत नाही, त्याचं काय? मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं.

घाटमाथा

हे वाक्य मात्र माझ्याही काळजाला लागलं. सरदारांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण ताईंच्या सहकारीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

नाडीपरीक्षा

आडवाटेने, १७८० च्या कुस्कोकडच्या उठावावर वेगळा धागा काढाल का? उठावाचा पुढारी दुसरा तुपाक आमारू याचं नाव सगळे घेतात, पण त्याची बायको मिकाएला बास्तीदास रसद, पहारे, हेर सगळं बघत होती आणि 'लगेच कुस्कोवर चाल करा' म्हणून नवऱ्याला पत्रं लिहीत होती. त्याने उशीर केला. १८ मे १७८१ ला दोघांना कुस्कोच्या चौकात एकाच दिवशी मारलं. तिच्या त्या पत्रांबद्दल वाचायला आवडेल.

आडवाटेने

काढतो. जुनाट_नकाशा, ला पाझच्या वेढ्याचा आणि तुपाक कातारीचा भाग तुम्ही लिहा, त्यातलं तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

जुनाट_नकाशा

लिहितो. त्यात बार्तोलिना सिसाही येईल, वेढ्यातली फौज तीही चालवत होती. शनिवारपर्यंत द्या.